हजार खिळ्यांचा फळा

बिजागऱ्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं रोकडवही लिहिणाऱ्या बाईंना सगळे टाचणीबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई. पावती असो, रजेचा अर्ज असो की डॉक्टरची चिठ्ठी, दोन कागद एकमेकांजवळ दिसले की बाईंनी टाचणी मारलीच. टाचणीत धरून ठेवता येईल असा नवरा मिळाला नाही म्हणून लग्न राहिलं, असंही पाठीमागे म्हटलं जाई. बाईंना ते ठाऊक होतं. पहिल्यांदा कोण म्हणालं तेही ठाऊक होतं, आणि त्या महिन्यात त्या माणसाचा जादा कामाचा पगार एक दिवस उशिरा निघाला होता. तेवढ्यावर खातं मिटलं. मनात व्याज चढवत बसणं हा बाईंचा स्वभाव नव्हता.

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी टाचण्यांचा डबा जेवणाच्या टेबलावरच असे. या आठवड्यात त्या डब्याशेजारी चौदा पत्रं रचलेली होती. सगळी निवृत्त कामगारांची, नाहीतर त्यांच्या वारसांची. अक्षरं चौदा तऱ्हांची, मजकूर एकच: शुक्रवारच्या सभेत माझ्या शेअरांच्या वतीने बाई जे ठरवतील ते मला मान्य.

ठरवायचं होतं ते असं. कारखान्याची मुलामा चढवायची टाकी म्हातारी झाली होती. तिच्यातून निघालेली बिजागरी सहा महिन्यांत गंजायची आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक पेट्यांच्या पेट्या परत पाठवत होतं. नवं यंत्र घ्यायला बँकेने पैसे नाकारले. तेव्हा धाकट्या मालकांनी एक गुंतवणूक कंपनी गाठली. ती ऐंशी लाख द्यायला तयार होती, पण साध्या कर्जाने नाही. तीन वर्षांनी व्याजासकट एक कोट परत घ्यावेत, नाहीतर त्या पैशांच्या बदल्यात कारखान्याचे शेअर घ्यावेत, अशी मुभा तिला हवी होती. कागदावर या प्रकाराला 'परिवर्तनीय कर्जरोखा' असं भारदस्त नाव होतं. धाकटे नुसतं 'नोट' म्हणत. त्यासाठी एक हजारातल्या साडेसातशे शेअरांची संमती लागणार होती. धाकट्यांकडे होते पाचशे वीस. उरलेले चारशे ऐंशी निवृत्तांकडे, आणि निवृत्तांनी फोन केले ते बाईंना.

"बाई, देऊ का संमती?"

"द्या," बाईंनी चौदाही जणांना सांगितलं होतं. "फार तर अडीचशे शेअर जातील त्या कंपनीला. आपल्याला काय त्याचं?"

या "आपल्याला काय त्याचं" मागे एक फळा होता.

कारखान्याच्या कचेरीत शिरलं की समोरच्या भिंतीवर तो दिसायचा. शिसवी लाकडाचा, दारापेक्षा रुंद. आडवे चाळीस खिळे, अशा पंचवीस ओळी. कारखाना काढला तेव्हा थोरल्या मालकांनी, म्हणजे धाकट्यांच्या वडिलांनी, ते हजार खिळे स्वतः ठोकले होते. शेवटचा ठोकताना हातोडी बोटावर बसली आणि खिळा वाकला. तो तसाच ठेवला. प्रत्येक खिळ्यावर पितळेचा एक गोल बिल्ला, पत्रा कापताना उरणाऱ्या चकतीतून पाडलेला. एक बिल्ला म्हणजे एक शेअर. सुरुवातीला हजारही बिल्ले थोरल्यांचे होते.

"पेन्शन द्यायची माझी ऐपत नाही," ते म्हणायचे. "वाटा द्यायची आहे."

मग जो निवृत्त होई त्याला नोकरीच्या दर वर्षाला एक बिल्ला मिळे. शेवटच्या दिवशी पाळी सुटायच्या आधी अर्धा तास पत्रा कापायचे प्रेस बंद व्हायचे. थोरले फळ्यावरून स्वतःचे बिल्ले एकेक काढून त्या माणसाच्या तळहातावर ठेवायचे, आणि तो माणूस ते पुन्हा त्याच खिळ्यांवर टांगायचा, पण आता स्वतःच्या नावाचा शिक्का मारून. तीस वर्षं मशीनवर न चुकलेली माणसं तेव्हा खिळा चुकवायची. बाईंनी आपला एकतिसावा बिल्ला मुद्दाम त्या वाकड्या खिळ्यावर टांगला. "वाकडं तुम्हालाच शोभतं," थोरले म्हणाले होते, आणि चष्मा पुसायला खिडकीकडे वळले होते. चष्मा स्वच्छच होता. बाईंनी पाहिलं होतं.

तर इतक्या वर्षांत एक गोष्ट सगळ्यांच्या अंगात भिनली होती. नव्या माणसाला शेअर मिळतो तो मालकाच्या खिळ्यावरचा. मालकाचा एक कमी, त्याचा एक जास्त; बाकीच्यांच्या बिल्ल्याला कुणी बोट लावत नाही. शेअर नव्याने जन्माला येतो ही गोष्ट त्या कचेरीत कुणी पाहिलीच नव्हती. कशी पाहणार? खिळे हजारच होते.

बुधवारी दुपारी फोरमन आपलं पत्र घेऊन आले. छत्तीस वर्षांची नोकरी, छत्तीस बिल्ले, आणि दोन गुडघे, ज्यांचा उल्लेख ते "माझे दोन थकबाकीदार" असा करत.

"घ्या, पंधरावं पत्र," खुर्चीत बसता बसता ते म्हणाले. "मान कापून दिली तुमच्या हातात. चहा तरी पाजा."

"चहा मानेआधीच टाकलाय."

"साखर घातलीत?"

"डॉक्टरांनी सांगितली तेवढी."

"म्हणजे नाही घातलीत." फोरमननी एक घोट घेतला. "बाई, एक विचारू? या धाकट्याचं डोकं फिरलंय का? पाचशे वीसातले अडीचशे त्या कंपनीला दिले, तर याच्याकडे उरले दोनशे सत्तर. आपले चारशे ऐंशी. मग मालक तो, की आपण म्हातारे?"

बाई हसल्या. पत्र घडीवर घडी ठेवून त्यांनी टाचणी उचलली, अर्धी टोचली, आणि हात थांबला.

धाकट्यांना त्या ओळखत होत्या. बाविसाव्या वर्षी तो मुलगा त्यांच्या टेबलासमोर बसून खतावणी शिकला होता. मनाने चांगला, पण चहाबरोबर दोन बिस्किटं दिली तर एक खिशात टाकणारा. थोरले गेल्यावर त्याने बिल्ले वाटायची रीत मोडली नाही, पण पाचशे वीसच्या खाली एकही देणार नाही असं पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं. अर्ध्याच्या वर आपलं राहिलंच पाहिजे, हा त्याचा हट्ट. असा माणूस आपले अडीचशे शेअर उचलून देईल?

"मग हे अडीचशे येणार कुठून?" बाई स्वतःशीच म्हणाल्या, आणि उठून कपाटातून करारनाम्याची प्रत काढली. चाळीस पानं. पंधरा दिवस घरात होती. धाकट्यांनी पहिल्या पानावर गोषवारा लिहून दिला होता आणि बाईंनी तेवढाच वाचला होता. आयुष्यभर दुसऱ्यांना "खालची बेरीज बघितल्याशिवाय सही करू नका" सांगणाऱ्या बाईंनी.

तेविसाव्या पानावर सापडलं: 'कंपनीने नव्याने काढावयाचे शेअर.'

"नवे म्हणजे?" फोरमन म्हणाले. "फळ्यावर तर हजारच खिळे आहेत."

"फळ्यावर. कायद्यात नाहीत."

"पण माझे छत्तीस कुणी काढून नाही ना नेणार?"

"कुणी हातही नाही लावणार. छत्तीसच राहतील." बाईंनी चहाची किटली पुढे ओढली. "हे बघा. समजा, किटलीत चार कप चहा आहे आणि आपण चौघं आहोत. पाचवा आला. थोरले असते तर त्यांनी आपल्या कपातला दिला असता. इथे काय होणार, किटलीत आणखी एक कप पाणी ओतणार. तुमचा कप तेवढाच भरलेला. पण आतला चहा तेवढाच का?"

फोरमननी आपल्या कपात डोकावून पाहिलं. "साखर नाहीच. आता चहापत्तीही गेली."

"हजारात छत्तीस म्हणजे नफ्याच्या शंभरातले साडेतीनाच्या वर तुमचे. साडेबाराशेंत छत्तीस म्हणजे तीनच्या आत आलात."

"बरं, तेवढं सोसू. यंत्र आलं तर नफाही वाढेल. अडीचशे तरी नक्की ना?"

बाईंनी करारात अडीचशेचा आकडा शोधला. तेविसाव्या पानावर नव्हता, चोविसाव्यावर नव्हता, कुठेच नव्हता. होती ती आकडा काढायची रीत. मागच्या वर्षाचा नफा घ्यायचा, त्याची दहापट करायची, म्हणजे सगळ्या कारखान्याची किंमत आली. तिला हजाराने भागायचं, म्हणजे एका शेअरची. त्यातून वीस टक्के वजा, ही कंपनीला सूट. त्या भावाने एक कोटीचे जितके शेअर येतील तितके. यंदाचा नफा पन्नास लाख, शेअर पन्नास हजारांचा, सूट जाऊन चाळीस हजारांचा, म्हणून अडीचशे. गोषवारा खोटा नव्हता. फक्त तो यंदाचा होता. आणि कंपनीने शेअर कधी मागायचे? 'तीन वर्षांत केव्हाही, स्वेच्छेने.' लवकर मागितले तर व्याज? 'पूर्ण तीन वर्षांचे धरून.'

"आणि एखाद्या वर्षी नफा पडला तर?" फोरमननी विचारलं.

"तर शेअर स्वस्त. शेअर स्वस्त, तर त्याच एका कोटीत जास्त येणार."

"म्हणजे आपण जितके खंगू तितका तो बाळसं धरणार?"

अर्धी टोचलेली टाचणी बाईंनी परत बाहेर काढली. पंधरा माणसांनी त्यांच्या एका शब्दावर आयुष्याची मिळकत आणून टेबलावर ठेवली होती, आणि तो शब्द त्यांनी पहिलं पान वाचून दिला होता.

गुरुवारी सकाळी त्या कारखान्यात गेल्या. फाटकापासून कचेरीपर्यंत चालताना पाय आपोआप त्याच फरशांवर पडत गेले. फुटकी फरशी टाळायला बघावं लागलं नाही. प्रेसचा आवाज छातीत पूर्वीसारखाच बसत होता, फक्त पूर्वी आठ प्रेस होते आणि आता पाच. तेलाचा आणि तापल्या पितळेचा वास तोच. दप्तराच्या खोलीची किल्ली अजून दाराच्या चौकटीवरच ठेवत. अडाणीपणा, बाईंच्या मनात आलं, आणि बरंही वाटलं.

त्यांना हवी होती ती वही सातव्या फळीवर होती, ज्या वर्षी ही जुनी टाकी नवी म्हणून आली त्या वर्षाची. पानं पिवळी पडली होती, टाचण्यांचे गंजाचे ठसे पाठीमागच्या पानावर उमटले होते. अक्षर बाईंचंच, पण कुणा धीट मुलीचं वाटावं असं. उभ्या रेघा ताठ, सात आकड्याला उगाच एक शेपूट. असा सात काढायचं आपण कधी सोडलं, हे बाईंना आठवेना.

टाकी यायच्या आधीच्या वर्षी नफा चार लाख. टाकी आली त्या वर्षी एक लाख. टाकी बसेपर्यंत कारखाना अर्धा बंद होता, जुनं गिऱ्हाईक थांबलं नाही, आणि पगार मात्र थोरल्यांनी सगळ्यांना पूर्ण दिले. त्या बेरजेखाली शिसपेन्सिलीने थोरल्यांनी लिहिलेलं होतं: 'आठ आठवडे लागतील म्हणालो होतो, अकरा महिने लागले. बाईंनी हसू नये.'

बाई हसल्या. तेव्हाही हसल्याच होत्या. त्या अकरा महिन्यांत दर शनिवारी पगाराची पाकिटं भरताना थोरले समोर बसायचे आणि प्रत्येक पाकीट बंद करताना विचारायचे, "पुरतंय ना बाई?" पुरत नसे. बाई "पुरतंय" म्हणत, आणि स्वतःचं पाकीट सगळ्यात शेवटी भरत. हे कुठल्या वहीत लिहिलेलं नव्हतं.

"बाई? तुम्ही इथे?" दारात धाकटे उभे होते. पन्नाशी गाठली होती, पोट सुटलं होतं, पण हातात बिस्कीट होतंच.

"ये. बस. नवं यंत्र बसायला किती दिवस लागतील?"

"आठ आठवडे म्हणालेत."

बाईंनी वही त्यांच्यासमोर फिरवली आणि वडिलांच्या अक्षरावर बोट ठेवलं. धाकट्यांनी वाचलं. दोनदा वाचलं. बिस्कीट टेबलावर ठेवलं.

"नफा चारावरून एकावर आला होता," बाई म्हणाल्या. "तुझा पन्नासाचा साडेबारा झाला तर किती शेअर द्यावे लागतील, काढ. पाठच्या बाजूला कोरं आहे."

धाकट्यांनी आकडे मांडले. साडेबारा लाखांची दहापट, भागिले हजार, वजा वीस टक्के. शेअर दहा हजारांचा. एक कोट भागिले दहा हजार. पेन्सिल थांबली.

"हजार."

"म्हणजे फळ्यावर आहेत तितकेच आणखी. निम्मा कारखाना. मग कुणा एका वारसाकडून एक बिल्ला विकत घेतला की कारखाना त्यांचा. आणि नफा शून्य आला तर?"

"शून्याने भागता येत नाही बाई."

"तेच म्हणते मी. त्यांना येतं."

धाकटे चिडले. "पण तुम्हीच सगळ्यांना द्या म्हणून सांगितलंत! आज येऊन वही उघडताय!"

"सांगितलं. चुकले. चुकलेली नोंद खोडायची नसते, तिची उलटी नोंद करायची असते, हे तुला मीच शिकवलं ना? ती करायला आले. आणि तुझं काय? नुसते अडीचशे निघाले तरी साडेबाराशेंत पाचशे वीस निम्मे होत नाहीत. तुझा तो हट्ट कुठे गेला?"

धाकट्यांनी टेबलावरचं बिस्कीट उचललं आणि परत ठेवलं. बाहेर प्रेस पडत होता, उठत होता.

"मी माझे पाचशे वीस मोजलेच नाहीत," ते म्हणाले. "मी हजार मोजले. तुम्ही सगळे माझ्याच बाजूचे ना? यंत्र नसेल तर पुढच्या वर्षी उरलेले पाच प्रेसही विकावे लागतील, बाई. मग कसले बिल्ले?"

बाईंनी वही मिटली. माणसाने आपल्याला विचारलं नाही याचा राग येतो. आपल्याला गृहीतच धरलं याचाही येतो. पण अशा वेळी तो कुणाच्या नावे लिहायचा ते कळत नाही.

"यंत्र नको असं कोण म्हणतंय?" शेवटी त्या म्हणाल्या. "उद्या सभेच्या आधी पाऊण इंची खिळ्यांचा एक डबा मागव. आणि हातोडी."

शुक्रवारी कंपनीचा सल्लागार आला. सोनेरी काड्यांचा चष्मा, हसरा, लॅपटॉप उघडतानाही "प्लीज" म्हणणारा. फोरमन सुताराला घेऊन आले होते, आणि सुताराने फळ्याच्या उजव्या बाजूला एक नवी कोरी पट्टी टेकवून ठेवली होती. तिचं पांढरं लाकूड जुन्या शिसवीजवळ अगदी उघडं वाटत होतं.

"साहेब," बाई म्हणाल्या, "या पट्टीवर तुमच्यासाठी किती खिळे ठोकायचे?"

सल्लागाराला आधी गंमत वाटली. "मॅडम, तो आकडा आत्ता सांगता येत नाही. त्या वेळच्या भावावर ठरेल."

"जास्तीत जास्त?"

"अशी मर्यादा नसते. हा आमचा नेहमीचा मसुदा आहे."

"तुमच्या मसुद्याला नसेल, पट्टीला आहे. सुतार, सांगा यांना."

"पट्टी छताला टेकतेय," सुतार म्हणाला. "फार तर चारशे."

सल्लागार सरसावून बसला. माणूस मूर्ख नव्हता आणि लबाडही नव्हता. आपल्या कंपनीचं काम करत होता. "मॅडम, आमचीही जोखीम आहे. बँकेने नाकारलेल्या जागी आम्ही पैसे घालतोय. कारखाना बुडाला तर आमचे ऐंशी लाख बुडाले."

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "म्हणूनच व्याज आहे. म्हणूनच वीस टक्क्यांची सूट आहे. त्यावर मी अक्षर काढलं नाही. पण बुडणं वेगळं आणि एक वर्ष खोकणं वेगळं. आम्ही खोकलो की घर तुमच्या नावावर, हे कुठलं औषध? भावाला तळ घाला. बिनतळाच्या भांड्याखाली मी या पंधरा माणसांना बसवणार नाही."

"तळ घालायचा तर कितीचा?"

"चाळीस हजार. आजचा भाव."

"शक्य नाही. वीस."

"म्हणजे पाचशे खिळे. छत फोडायचा खर्च तुम्ही देणार?"

फोरमन मोठ्याने हसले आणि गुडघा धरून बसले. सल्लागाराने धाकट्यांकडे पाहिलं. "आपण मालक आहात. हे ठरवणं आपल्या हातात आहे. आम्हाला दुसरे कारखानेही आहेत."

धाकट्यांचा हात खिशातल्या बिस्किटाकडे गेलेला बाईंना दिसला. हा मुलगा घाबरला की तसा जायचा. पहिल्या वर्षी रोकडीत फरक आला होता तेव्हाही गेला होता. एका होकारात यंत्र होतं. आणि खरं म्हणजे या क्षणी त्याने बाईंकडे वळून "करा ना सही" म्हटलं असतं, तर बाईंना नाही म्हणायला जड गेलं असतं.

"माझ्या हातात पाचशे वीस आहेत," धाकटे म्हणाले. "लागतात साडेसातशे. बाकीचे बाईंच्या पर्समध्ये आहेत. टाचणी लावून."

सल्लागार फोन घेऊन बाहेर गेला. अर्धा तास तो प्रेसच्या आवाजावर ओरडून बोलत होता, त्यामुळे त्याच्या वरिष्ठांना काय वाटलं ते सगळ्या कारखान्याला कळलं. परत आला तेव्हा चष्मा घामाने घसरला होता.

"तीस हजार. त्याच्या खाली भाव धरणार नाही. हे शेवटचं."

"म्हणजे तीनशे तेहेतीस खिळे," बाईंनी तोंडीच भागाकार केला. "आणि व्याज जितके दिवस पैसे राहतील तितक्याच दिवसांचं. तुम्ही लवकर शेअर मागितलेत तर उरलेल्या दिवसांचं नाही."

"मॅडम, ते फार किरकोळ आहे."

"मग सोडायला काय हरकत?"

सोडलं. बाईंनी चाळीसही पानं वाचली, बदललेल्या दोन्ही ओळींवर सह्या घेतल्या, मग पंधरा पत्रं जोडली. टाचणी एकदाच टोचली. सुतार तीनशे तेहेतीस खिळे ठोकत होता तेव्हा धाकट्यांनी त्याच्या हातून हातोडी घेतली आणि शेवटचा स्वतः ठोकला. तो सरळ गेला. बाईंना उगाच वाईट वाटलं.

यंत्र यायलाच एक वर्ष गेलं, आणि बसायला आठ आठवडे नाही, दहा महिने लागले. त्या वर्षीचा नफा तेरा लाखांवर आला, आणि दोन वर्षं पुरी होताच कंपनीचं पत्र आलं की आम्हाला आता शेअर हवेत. बाईंनी घरी बसून जुन्या अटींनी हिशेब करून पाहिला: नऊशे एकसष्ट. तो कागद त्यांनी कुणाला दाखवला नाही, फक्त टाचणी लावून ठेवला. नव्या अटींनी दोन वर्षांच्या व्याजासकट त्र्याण्णव लाख तेहेतीस हजार, भागिले तीस हजार: तीनशे अकरा.

सल्लागार स्वतः बिल्ले टांगायला आला. कंपनीचे बिल्ले स्टीलचे होते, नव्या यंत्रातून चकचकीत होऊन आलेले. धाकट्यांनी ते एकेक करून त्याच्या तळहातावर ठेवले. प्रेस अर्धा तास बंद ठेवले होते. कुणी सांगितलं नव्हतं, फोरमनच्या जागी आलेल्याने आपणहून ठेवले. सल्लागाराला आधी हसू येत होतं, पण पन्नासाव्या बिल्ल्यापासून तो प्रत्येक बिल्ला दोन्ही हातांनी घेऊ लागला.

शेवटी बाई फळ्यासमोर उभ्या राहिल्या. जुना फळा काळपट सोनेरी, शेजारची पट्टी पांढरी, त्यावर रुपेरी ठिपके. आता एकूण तेराशे अकरा. जुने हजार एकत्र राहिले तर तीन चतुर्थांशाच्या वर, पण धाकट्यांना एकट्याने काही ठरवता येणार नव्हतं. तेव्हापासून ते दर महिन्याला म्हाताऱ्यांना चहाला बोलावतात, आणि बिस्किटांचा पुडा सबंध ठेवतात. बाईंचे एकतीस एकतीसच होते. हजारातले मात्र नव्हते. "हजारातली एकतीस" असं थोरले त्यांना चिडवायचे, ते शब्द आता हिशेबात बसत नव्हते, आणि ते बसवणारा भाव कुठल्याही करारात मिळणार नव्हता.

त्यांनी वाकड्या खिळ्यावरचा आपला बिल्ला काढला, पदराने पुसला आणि परत टांगला.

"बाई, खाली बावीस खिळे रिकामे राहिले," धाकटे म्हणाले. "काढून टाकायला सांगू?"

"राहू देत. ते त्या किरकोळ व्याजाचे आहेत."

फोरमननी पट्टीजवळ जाऊन रिकामे खिळे मोजले, बरोबर बावीस भरले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून पहिल्या खिळ्यावर टांगली, एक गुडघा धरून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आता चहा मागवा. आणि साखर हजाराच्या हिशेबाने घाला, तेराशेच्या नाही."